बसून वाजवायचं होतं

वरचे पुढचे दात काढावे लागतील असं डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा गणपती कुरणे यांनी एकच विचारलं, "मग फुंकायचं कसं?"

डॉक्टर आदिती मूळच्या जयसिंगपूरच्या, वयानं लहान. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांनी दवाखाना थाटून फार दिवस झाले नव्हते. त्यांना वाटलं, काका चहा फुंकून पिण्याबद्दल विचारतायत. "गरम काही घ्यायचंच नाही काका थोडे दिवस," त्या म्हणाल्या.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या अंजनाबाईंनी खुलासा केला. "चहाचं न्हाय वो. बँडात क्लॅरनेट वाजवत्यात ते. हंबीररावांच्या बँडात."

मग डॉक्टरांनी हातातलं बाजूला ठेवलं आणि नीट समजावून सांगितलं. साखरेच्या दुखण्यानं हिरड्या पोकळ झाल्यात, दात आज ना उद्या पडणारच. काढून टाकायचे, हिरड्या भरू द्यायच्या, मग कवळी बसवायची. तोवर तीनेक महिने जोर लावून फुंकायचं नाही, तोंडात ते वाद्य धरायचं नाही.

"आणि कवळी बसल्यावर वाजवाय येईल?"

"खरं सांगू का, मला माहीत नाही. माझ्याकडं आजवर क्लॅरनेट वाजवणारं कुणी आलेलं नाही."

गणपतींना हे उत्तर आवडलं. बघू, होईल, काळजी करू नका, असलं काही त्या बोलल्या नाहीत.

क्लॅरनेट ओठांनी वाजवतात असं लोकांना वाटतं. खालचा ओठ आत वळवून त्यावर माउथपीसची वेताची पत्ती टेकवायची हे खरं, पण सगळा भार वरच्या दातांवर असतो. दात हलले की सूर हलतो. गेल्या लगीनसराईपासूनच वरच्या पट्टीत गेलं की गणपतींचा सूर निसटत होता. त्यांनी माउथपीसवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिवस काढले होते. बँडात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ढोल, ताशे, ट्रंपेट आणि पुढं नाचणारी माणसं, यात एखादा सूर निसटला तर कोण बघतंय?

तीस वर्षांहून जास्त काळ ते असेच वाजवत आले होते. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर टोपी, आणि चालणं. वराती, मिरवणुका, उद्घाटनं. गंगावेशीतनं निघालं की बिंदू चौक, तिथनं कुठलंतरी मंगल कार्यालय. क्लॅरनेट वाजवत चालणाऱ्याला रस्त्यावर नजर ठेवावी लागते. खड्डा आला, दगड आला, घोड्यानं घाण केली, की पाय बाजूला आणि सूर जागच्या जागी. या कामात गणपतींचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पण त्यांच्या मनात दुसरंच होतं. तरुणपणी एकदा बँड एका नाट्यगृहाच्या दारात पाहुण्यांच्या स्वागताला उभा होता. पाहुणे आत गेले, बँडवाल्यांना चहा आला. गणपती कप हातात घेऊन दाराच्या फटीतनं आत बघत राहिले. स्टेजवर सतरंजी अंथरली होती आणि एक म्हातारा माणूस मांडी घालून क्लॅरनेट वाजवत होता. समोर भरलेलं सभागृह आणि कुणी हूं की चूं करत नव्हतं. म्हाताऱ्यानं मधेच वाजवणं थांबवलं, रुमालानं ओठ पुसले, पाणी प्यायला. तेवढा वेळ लोक थांबून राहिले. त्याची वाट बघत. गणपतींच्या मनात ते घर करून राहिलं. एकदा बसून वाजवायचं. समोर कुणी नाचत नाही, कुणी घाई करत नाही, आणि एक धून सुरुवातीपासून शेवटापर्यंत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अंजनाबाईंनाही नाही.

दात काढून घरी आले आणि लगेच पुण्याहून रूपालीचा फोन आला. रूपाली त्यांची एकुलती एक मुलगी, तिथं एका कंपनीत कामाला होती.

"पप्पा, तीन महिने मिळालेत तुम्हाला. आता नीट विचार करा. पुढं काय करायचं, कुठं राहायचं. मी तर म्हणते, दोघं इकडंच या. सोसायटीत ऑफिसचं काम बघायला माणूस पाहिजे. बसून काम आहे."

"व्हय," गणपती म्हणाले. तोंडात कापसाचा बोळा होता.

रूपालीनं आवाज जरा खाली आणला. मग म्हणाली, "ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगते, वडील म्युझिशियन आहेत. पुढचं कुणी विचारत नाही."

तिला हे सांगायचं होतं की नव्हतं कोण जाणे. गणपतींना त्याचं वाईट वाटलं नाही. ती सांगते तसं आपण असतो तर, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मग ते विचार करायला लागले. म्हणजे काय करायचं हे त्यांना कळेना. सकाळी उठून रंकाळ्यावर जायचे, कठड्यावर बसायचे. समोर पाणी, मागं शालिनी पॅलेस, फिरायला आलेली माणसं. पुढं काय करायचं, असं मनाशी म्हणायचे आणि थोड्या वेळानं लक्षात यायचं की आपण नुसतीच माणसं बघतोय. आजवर त्यांना कुणी पुढचं विचारलंच नव्हतं. हंगाम आला की हंबीरराव तारखा सांगायचे. हंगाम संपला की पुढच्या हंगामाची वाट. माडीवरच्या दोन खोल्यांत संसार झाला, पोरगी शिकली, एवढंच.

एक दिवस ते रंकाळ्यावरनं परत आले तर अंजनाबाई चपात्यांच्या ढिगापुढं बसल्या होत्या. कॉलेजच्या पोरांची एक मेस होती, तिला त्या रोज सकाळी चपात्या करून द्यायच्या. वर्षानुवर्षं.

"झाला विचार?" त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग हितं बसून करा की. आनि करता करता तेवढं पीठ मळा. माझं मनगाट धरलंय."

गणपतींनी हात धुतले आणि परातीपुढं बसले. पहिल्या दिवशी पीठ सैल झालं. दुसऱ्या दिवशी घट्ट. आठवडाभरात जमायला लागलं. त्यांच्या बोटांत ताकद होतीच, आणि बोटांना काहीतरी काम हवं होतं. पीठ मळताना डोक्यात आपोआप काय काय यायला लागलं. रंकाळ्यावर जे येत नव्हतं ते परातीपुढं येत होतं. एकदा ते म्हणाले, "मी तीस वर्सं लोकांच्या लग्नात गेलो, पण पंगतीत बसून जेवलो न्हाय. बँडवाल्यास्नी शेवटी वाढत्यात."

"मी तर तुमास्नी वाजवतानाबी नीट ऐकलं न्हाय," अंजनाबाई लाटता लाटता म्हणाल्या. "गल्लीतनं बँड जाताना बघितला असंल तेवढाच. त्यात तुमचं कुठलं नि दुसऱ्याचं कुठलं, कसं कळनार?"

गणपतींनी वर बघितलं. ही गोष्ट त्यांच्या कधी लक्षातच आली नव्हती.

श्रावण गेला आणि गणेशोत्सव जवळ आला. लग्नं नसतात त्या दिवसांत बँडाला खरं काम हेच. गल्लोगल्लीच्या गणेशमूर्ती आणायच्या, पोचवायच्या. तरुणपणापासून या दिवसांत ते घरी कधी नव्हते. आगमनाच्या दिवशी ते खिडकीत बसले होते तर खालच्या रस्त्यावरनं हंबीररावांचाच बँड आला. ढोल ओळखीचा, ट्रंपेट ओळखीचा. क्लॅरनेटच्या जागी हातगाड्यावर कीबोर्ड ठेवला होता. भोंगे लावले होते. कीबोर्डवाला उभा राहून क्लॅरनेटचा आवाज काढत होता आणि तो आवाज कुठंच निसटत नव्हता. वरची पट्टी स्वच्छ. लोक नाचत होते. कुणाला काही कमी पडलेलं दिसत नव्हतं.

ट्रंपेटवाल्यानं वर बघून हात केला. गणपतींनीही केला. बँड वळणावरनं गेला तरी ते खिडकीत उभे होते. दुपारी गणपतींनी पिशवीत दोन कपडे भरले.

"कबनूरला जाऊन येतो. ह्ये दिवस हितं न्हाय निघायचे."

कबनूरला त्यांचं मूळ घर. इचलकरंजीला लागून असलेल्या त्या गावात घरोघरी यंत्रमाग, दिवसरात्र खडखड. थोरला भाऊ वारला होता. त्याची बायको धोंडुबाई एकटीच राहत होती, माग विकून टाकले होते तरी कांड्यांवर सूत भरायचं काम करत होती. गणपतींना दारात बघून ती म्हणाली, "या भावजी. दात कुठं ठेवून आलासा?"

वर्षावासाचे दिवस होते. पाऊसकाळाचे तीन महिने बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालायचं. धोंडुबाई गणपतींना घेऊन जायची. ते मागं भिंतीला टेकून बसायचे. वाचणारी बाई संथ वाचायची. एखादा कठीण शब्द आला की थांबायची, पुन्हा वाचायची, आणि सगळे तेवढा वेळ थांबायचे. बाहेर मागांची खडखड. मधेच वीज गेली की माग एकदम थांबायचे आणि ती शांतता एवढी मोठी असायची की वाचणारी बाईसुद्धा क्षणभर गप्प व्हायची.

तिथं बसलं की गणपतींना आण्णा आठवायचे. आण्णा म्हणजे त्यांचे वडील. धर्मांतर झालं तेव्हा आण्णा तरुण होते. त्या वर्षी त्यांच्या घरानं गावची हलगी वाजवायचं सोडलं. कुणाचं लग्न असो, मयत असो, पालखी असो, आता दुसऱ्याच्या दारात वाजवायला उभं राहायचं नाही. गावानं त्रास दिला, पण आण्णा मागं हटले नाहीत. मागावर कामाला लागले आणि पोरांना शाळेत घातलं. आणि त्यातला धाकटा पोरगा इचलकरंजीच्या एका बँडवाल्याकडं क्लॅरनेट शिकून कोल्हापूरला गेला. आण्णांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाले होते, "आमी जिथनं निघालो, तिथं तू परत चाललास." त्यानंतर वारेपर्यंत त्यांनी वाजवण्याचा विषय काढला नाही. तब्येत विचारायचे, पोरीची शाळा विचारायचे. ते एक सोडून सगळं विचारायचे.

एक दिवस धोंडुबाई कांड्या भरत होती आणि गणपती शेजारी बसून सूत सोडवून देत होते. त्यांनी विचारलं, "वैनी, आण्णांनी कधी माझं वाजवणं ऐकलं व्हतं का? इचलकरंजीत आमचा बँड यायचा. कधी लांबनं, कुणाला न कळता?"

धोंडुबाईनं चाक थांबवलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

"न्हाय भावजी. बँड गावात आला की आण्णा आतल्या खोलीत जाऊन बसायचे. दार लावून."

गणपतींनी हातातलं सूत खाली ठेवलं. ते म्हणाले, "त्यास्नी वाजवणं नको नव्हतं. दुसऱ्याचं दार नको व्हतं. मी बसून वाजवलं असतं, लोक माझ्याकडं आले असते, तर त्यांनी ऐकलं असतं."

"ते तुमी म्हणताय. ते असलं काय बोलले न्हाईत." धोंडुबाईनं चाक पुन्हा सुरू केलं. "मानसं जात्यात भावजी. सगळ्याचं उत्तर देऊन जात न्हाईत."

त्या दिवशी ते विहारात गेले तर वाचणाऱ्या बाईचा घसा बसला होता. धोंडुबाईनं भर लोकांत सांगितलं, "आमचं भावजी वाचतील." गणपती नको नको म्हणाले, पण ग्रंथ पुढं आला. पुढचे दात नसल्यानं प्रत्येक 'स' वाऱ्यासारखा निसटत होता. दोनचार बायका गालात हसल्या. त्यांनी वाचणं थांबवलं नाही. अर्ध्या पानानंतर हसणं थांबलं आणि लोक ऐकायला लागले. मांडी घालून बसलेले गणपती आणि समोर गप्प बसलेली माणसं. फक्त हातात जे असायला हवं होतं ते नव्हतं. वाचताना त्यांची बोटं ग्रंथाच्या कडेवर नकळत हलत होती.

विसर्जन झाल्यावर ते कोल्हापूरला परत आले. रूपालीनं फोनवर विचारलं, काही ठरलं का. ते म्हणाले, "अजून दात यायचेत."

कोजागिरीच्या सुमाराला कवळी तयार झाली. डॉक्टर आदितींनी आदल्या दिवशीच निरोप दिला होता, येताना वाद्य घेऊन या. तोंडात कसं धरता ते बघितल्याशिवाय कवळी नीट बसवता येणार नाही. त्या संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर गाल सुजलेली एक आजी, दाढ काढून कापूस दाबून बसलेला एक ट्रकवाला, दाढ दुखणाऱ्या लहान मुलीला मांडीवर घेतलेली एक बाई. अंजनाबाई दाराशी उभ्या राहिल्या.

आत गेल्यावर गणपतींनी पेटी उघडली, क्लॅरनेट जोडलं, पत्ती ओली केली आणि सवयीनं उभे राहिले.

"बसा काका," डॉक्टर म्हणाल्या. "उभं राहिलात तर मला तोंडात काय होतंय ते दिसणार नाही."

ते खुर्चीत बसले. दात काढायच्या त्या मोठ्या खुर्चीत. डॉक्टरांनी पाठ सरळ करून दिली. पहिल्या फुंकेला नुसती हवा निघाली. दुसऱ्या वेळी एक किंकाळी. डॉक्टरांनी कवळी काढली, घासली, पुन्हा बसवली. असं चारदोनदा झालं. वरचा सूर लागेना. लागला तरी कवळी सुटून जिभेवर यायची. गणपतींना घाम फुटला. मग त्यांनी वरचं सोडलं आणि अगदी खालचा एक सूर धरला. रस्त्यावर हा सूर कधी वापरला जात नाही, कारण तो कुणाला ऐकूच येत नाही. जाड, ओलसर, विहिरीतनं यावा तसा. तो लागला आणि टिकला.

डॉक्टर म्हणाल्या, "हां. आता एखादं पूर्ण वाजवा. कवळी किती वेळ टिकते ते बघू."

पूर्ण काय वाजवायचं? त्यांना आठवली ती पाठवणीची धून. नवरी गाडीत बसायला निघते तेव्हा वाजवतात ती. ती त्यांनी शेकडो वेळा वाजवली होती, पण रस्त्यावर ती पुरी कधी झालीच नव्हती. दोन ओळी होतात, आई रडते, कुणीतरी म्हणतं चला उशीर झाला, गाडीचं दार लागतं आणि बँड गप्प होतो. पुढच्या ओळी फक्त शिकवणाऱ्या माणसानं त्यांना वाजवून दाखवल्या होत्या, फार पूर्वी.

त्यांनी ती खालच्या सुरात सुरू केली. वरची जागा आली की तीही खालीच आणली. त्यामुळं धून वेगळीच झाली. कुणीतरी हळू आवाजात सांगत बसावं तशी. दोन ओळी झाल्या. आता कुणीतरी थांबवेल असं सवयीनं वाटलं. कुणी थांबवलं नाही. ते तिसऱ्या ओळीत गेले.

बाहेर बाकावरची माणसं दारात आली होती. आजी गालाला हात लावून उभी होती. ट्रकवाल्यानं फोन बंद करून खिशात ठेवला. लहान मुलगी आपली दाढदुखी विसरली. अंजनाबाई हातातली पिशवी खाली न ठेवता ऐकत होत्या. मधे गणपतींना दम लागला. त्यांनी क्लॅरनेट खाली केलं, रुमालानं ओठ पुसले. सगळे थांबून राहिले.

तेवढ्यात त्यांची नजर माणसांच्या मागं, रस्त्याकडच्या उघड्या दाराकडं गेली. आपण आण्णांची वाट बघतोय हे त्यांना कळलं. त्यांनी नजर खाली घेतली आणि उरलेली धून वाजवली.

संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ट्रकवाला काहीतरी बोलला, पण त्याचं तोंड बधिर होतं, कुणालाच कळलं नाही. मग त्यानं हातानंच खूण केली. परत.

दोघं घरी चालत निघाले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अंजनाबाई म्हणाल्या, "एवडी वर्सं ह्येच वाजवत हुतासा?"

"ह्येच. पर पुरं न्हाय."

"मला वाटायचं, तुमी नुसतं चालून दमून येताय."

दिवाळी झाल्यावर हंबीरराव घरी आले. तुळशीची लग्नं लागली की हंगाम सुरू, त्यांना तारखा लावायच्या होत्या. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत. खुर्चीत बसून त्यांनी गणपतींचं वाजवणं ऐकलं आणि मान हलवली.

"गोड हाय गणपा. पर ढोलापुढं ह्यातलं काय ऐकू येनार? रस्ता म्हंजे वरची पट्टी." मग ते खुर्चीत पुढं सरकले. "तू असं कर. ड्रेस घाल आणि क्लॅरनेट धरून पुढं चाल. तुझ्यासारखा मानूस पुढं दिसला पायजे. नुसतं तोंडाला लाव. आवाज कीबोर्डवर निघतोयच."

हंबीरराव वाईट मनानं बोलत नव्हते. जुन्या माणसाला सोडायचं नाही, एवढाच त्यांचा हेतू होता. गणपतींनाही ते कळत होतं, आणि क्षणभर त्यांना मोह झाला. तो लाल कोट, तो रस्ता, ट्रंपेटवाल्याची थट्टा, घोड्याच्या पुढं चालणं. सगळं तसंच राहिलं असतं.

"न्हाय मालक," ते म्हणाले. "फुंकल्याबिगर धरायचं जमायचं न्हाय."

हंबीरराव चहा संपेपर्यंत बसले. जाताना त्यांनी गणपतींच्या पाठीवर हात ठेवला.

रूपाली दिवाळीला आली नव्हती, नंतर एका शनिवारी आली. तिनं आल्या आल्या विचारलं, "मग पप्पा, काय ठरलं?"

"सकाळी पीठ मळतो. तुझ्या आईनं आनि एक मेस धरलीय. सांच्याला वाजवतो. ऐतवारी वैनीकडं जातो, तिथं विहारात बसून वाजवतो थोडं. ऐकत्यात लोक."

"आणि पुणं?"

"येईन की. चार दिवस ऱ्हायला."

"हे ठरवणं झालं का पप्पा?" रूपाली हसली, पण तिच्या आवाजात थोडी निराशा होती. तिनं त्यांच्यासाठी एक खोली मनातल्या मनात लावून ठेवली होती. संध्याकाळी ते वाजवायला बसले तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि शेवटपर्यंत उठली नाही. आत आल्यावर तिनं एवढंच विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मग बापलेक बराच वेळ बोलत बसले. असं ते कधी बोलले नव्हते.

माघात जयसिंगपूरला अंजनाबाईंच्या भाचीचं लग्न होतं. दरवर्षी हंगामात अंजनाबाई असल्या लग्नांना एकट्याच जायच्या. यंदा दोघं एसटीनं गेले. गणपतींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मंडपात पहिल्या रांगेजवळ खुर्ची मिळाली. पावणं पावणं म्हणून कुणी पाणी आणून दिलं, कुणी हातात फूल दिलं. ते नीट टेकून बसले. इतकी लग्नं बघितली, पण मंडपाच्या आतनं लग्न कसं दिसतं हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

मग लांबनं बँडाचा आवाज आला. नवरदेवाची वरात येत होती. या बँडात कीबोर्ड नव्हता, खरं क्लॅरनेट होतं. ते वर गेलं, अगदी वरच्या पट्टीत, आणि तिथं जराही न डगमगता टिकलं. गणपतींचा हात गुडघ्यावर होता. बोटं हलायला लागली. त्यांनी दुसऱ्या हातानं ती दाबून धरली, तरी हलत राहिली.

अंजनाबाईंनी बघितलं. "जावा," त्या म्हणाल्या. "बघून या."

ते बाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. पोरं नाचत होती, धूळ उडत होती. घोड्यापुढं त्यांच्याच वयाचा एक माणूस, खाली मान घालून, खड्डे चुकवत वाजवत चालला होता. गणपतींना त्याचा हेवा वाटला. बसून वाजवायचं होतं ते मिळालं होतं, त्यात सुखही होतं. पण हा रस्ता आपलाच होता, हे त्यांना आज कळत होतं.

वरात मंडपात शिरली. बँडवाले बाहेरच थांबले, टोप्या काढून कंपाउंडच्या भिंतीवर बसले. क्लॅरनेटवाला पत्ती पुसत होता. गणपती त्याच्याजवळ गेले.

"कुठली पार्टी?"

"मिरजेची. तुमी पावणं कुठलं?"

"कोल्हापूर," गणपती म्हणाले. मग थांबून म्हणाले, "वाजवत हुतो मीबी."

माणसानं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि सरकून भिंतीवर जागा केली. गणपती बसले. मग पत्ती कुठली वापरता, दात कसे आहेत, मिरजेत लग्नं किती, असं काय काय बोलणं निघालं. आत मंगलगाथा संपल्या, टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं अंजनाबाई मंडपाच्या दारात आल्या.

"अवो, पंगत बसायलीय. चला."

"येतो," गणपती म्हणाले. "ह्येंच्यासंगट जेवतो मी. तू बस."

अंजनाबाई घडीभर तिथंच उभ्या राहिल्या. मग आत गेल्या. शेजारच्या माणसानं क्लॅरनेट जोडलं, ओठाला लावलं, आणि पाठवणीला अजून वेळ होता म्हणून हळूच, स्वतःपुरता, एक सूर काढून बघितला. गणपती डोळे मिटून ऐकत राहिले.